वाचकांचे प्रश्न : गाडीतल्या वायरलेस संचावरून फोन कसा लागत असे?

प्रश्न : माझे मामा 1982 ते 1995 या काळात अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला होते. संध्याकाळी घरी निघाले की गाडीत बसवलेल्या हौशी रेडिओ संचावरून (छंद म्हणून परवाना घेऊन वापरायच्या बिनतारी संचावरून) ते मामीला फोन लावत असत, असे सांगतात. तो संच आता माझ्याकडे आहे आणि त्याच्या मायक्रोफोनवर खरोखरच टेलिफोनसारखी अंकांची बटणे आहेत. मोबाइल फोन सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वी हे कसे जमत असे? तसा फोन मला येथून लावता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपले मामा सांगतात ते अगदी खरे आहे. मात्र त्या संचाचा फोन होत नसे, हे आधी लक्षात घ्यावे. टेलिफोनची तार गाडीपासून कित्येक मैल दूर, एखाद्या टेकडीवर किंवा उंच इमारतीच्या गच्चीवर स्थानिक रेडिओ क्लबने उभारलेल्या रिपीटरच्या खोलीत आलेली असे. रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेला आवाज त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र. अमेरिकेत 2 मीटरच्या पट्ट्यात (सुमारे 2 मीटर लांबीच्या रेडिओ लहरींसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींमध्ये) या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये बहुधा 600 किलोहर्ट्झचे अंतर असते. हा रिपीटर टेलिफोनच्या तारेला जोडणाऱ्या यंत्रणेला ऑटोपॅच म्हणत.

मामा बोलण्याचे बटण दाबून प्रथम आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह, सांगत असतील, मग ते बटण तसेच दाबून ठेवून क्लबने सभासदांना दिलेला संकेतांक दाबत असतील. बटण सोडले की गाडीतल्या स्पीकरवर टेलिफोनचा डायल टोन घुमू लागे. पुन्हा बटण दाबून घरचा नंबर फिरवायचा, सोडायचे आणि रिंग ऐकत थांबायचे. मायक्रोफोनवरील प्रत्येक अंकाला दोन सूर एकदम वाजतात. 5 दाबला तर 770 आणि 1336 हर्ट्झचे. टेलिफोन एक्स्चेंज ओळखते तेच हे सूर असल्यामुळे नंबर लागण्यास वेगळी भाषा लागत नसे.

खरी कसरत पुढे असे. मामा बटण दाबून बोलत असताना त्यांच्या संचाचा आवाज ऐकवणारा भाग (रिसीव्हर) बंद असे, त्यामुळे मामींनी मध्येच काही म्हटले तर ते त्यांना मुळीच ऐकू जात नसे. टेलिफोनवर एकमेकांचे बोलणे तोडत बोलण्याची आपल्या सर्वांनाच सवय असते. ती मोडून, समोरचा थांबेपर्यंत गप्प राहण्याचे घरातल्या माणसांना शिकवावे लागे. शिवाय ठरावीक मिनिटांनी रिपीटरचे टायमर जोडणी तोडत असे, म्हणून निरोप आटोपशीर द्यावा लागे.

आणि हे सारे बोलणे पंचक्रोशीतल्या प्रत्येक संचावर ऐकू येत असे, कारण हौशी रेडिओवर बोलण्याचा अर्थ लपवण्यास मनाई आहे. मला या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. एक तार, तिचे बिल वर्गणीतून भरलेले, आणि एक जण बोलत असताना बाकी सगळे थांबलेले. अशा ठिकाणी कोणी उगाच गप्पा मारत बसत नसे. लांब पल्ल्याचे नंबर क्लब बहुधा यंत्रणेतच अडवून ठेवत. धंद्याचे बोलणे नियमानेच वर्ज्य होते आणि तो नियम इतका कडक होता की 1993 मध्ये तो सैल होईपर्यंत गाडीतून पिझ्झा मागवणेही त्यात बसत नसे. रस्त्यावरचा अपघात कळवण्यासाठी मात्र हीच तार अनेकदा सर्वांत आधी कामी आली.

मुळात टेलिफोनच्या तारेला ग्राहकाने स्वतःचे यंत्र जोडण्यास अमेरिकन टेलिफोन कंपनीची बंदी होती. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी 1959 मध्ये तेलक्षेत्रातील कामगारांसाठी कार्टरफोन काढला. त्यात टेलिफोनचा हँडसेट उचलून एका खाचेत ठेवत; तारेला तार न जोडता निव्वळ आवाजाने रेडिओ आणि टेलिफोन एकमेकांशी बोलत आणि माणूस बोलू लागला की ट्रान्समीटर आपोआप सुरू होई. तरीही कंपनीने हरकत घेतली. अखेर 1968 मध्ये अमेरिकेच्या संघीय संपर्क आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या निकालाने हौशी क्लबांचीही वाट मोकळी केली.

आता आपला दुसरा प्रश्न. भारतात असा संच नुसता जवळ बाळगण्यासही परवाना लागतो. तो मिळेपर्यंत प्रक्षेपणाचे बटण कृपया दाबू नये. परीक्षा देऊन परवाना मिळवल्यावरही घरचा फोन लावणे येथे बसत नाही, कारण आपत्तीचा प्रसंग सोडल्यास तिऱ्हाइताचे, म्हणजे परवाना नसलेल्या माणसाचे, निरोप पोहोचवण्यास आपले नियम मनाई करतात. आणखी एक काळजी घ्यावी : अमेरिकेत 2 मीटरचा पट्टा 144 ते 148 मेगाहर्ट्झ आहे, आपल्याकडे तो 146 लाच संपतो, आणि मामांचा संच त्यापुढेही बोलू शकत असणार.

प्रश्न : व्हिएतनाम युद्धातील सैनिक हौशी रेडिओवरून घरी फोन करत, ते हेच तंत्र होते का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : जवळचे तंत्र, पण जोडणी यंत्र नव्हे तर माणूस करून देत असे. सैनिकाचा आवाज लघुलहरींवरून अमेरिकेतील एखाद्या हौशी केंद्रात पोहोचे आणि तेथील स्वयंसेवक आपल्या टेलिफोनवरून त्याचे घर जोडून देई. ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या घरच्या केंद्रातून असे असंख्य फोन जोडले गेले. तेथेही एका वेळी एकानेच बोलायचे असल्यामुळे आपले वाक्य संपले की आईने किंवा पत्नीने 'ओव्हर' म्हणायचे, आणि तो शब्द ऐकला की स्वयंसेवक हाताने स्विच फिरवून सैनिकाचा आवाज तिच्यापर्यंत येऊ देत असे.