तुमचा प्रश्न, आमचं उत्तर : मगावरचा सिंह कुणाचा?

प्रश्न : मावसभाऊ म्युनिकहून आला, त्यानं बिअरचा एक जाडजूड मग आणला, त्यावर निळ्या रंगावर सिंह आणि नाव लोव्हेनब्रॉय. आमचे मामा म्हणलालेत हा तिथल्या राजाचा सिंह, राजानंच शिक्का दिला असणार. मी म्हणतो नुसती जाहिरात, दोन घोट मारले की माणूस सिंह होतो तसलं. पैज लागलीय, हुरडा पार्टीचा खर्च कुणी करायचा ते तुम्हीच सांगा की ओ.
— एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : दोघंही चुकलात. हा सिंह बायबलमधला आहे! राजाचा हुकूम मोडून देवाची प्रार्थना केली म्हणून दानीएलला सिंहांच्या गुहेत टाकतात आणि सिंह त्याला तोंडही लावत नाहीत, ती गोष्ट. म्युनिकमधल्या ज्या घरात ही बिअर बनायची तिथं सतराव्या शतकातलं या प्रसंगाचं भिंतीवरचं चित्र होतं, आणि गल्लीचं नावच लोव्हेनग्रूबं, म्हणजे सिंहांची गुहा. घरांना नंबर नव्हते तेव्हा लोक चित्रावरनं, खुणेवरनंच घर सांगायचे, मग सिंहवाल्यांची बिअर ती सिंहाची बिअर, लोव्हेनब्रॉयचा अर्थही तेवढाच. तुम्ही नाही का बाळीवेस लिहिलंत, आता कुठली वेस अन् कुठलं काय, पण रिक्षावाला बरोबर आणून सोडतो.

कंपनी आपलं मूळ १३८३ पर्यंत नेते, पण हे नाव कागदावर सापडतं ते १७४६-४७ च्या म्युनिकच्या बिअरवाल्यांच्या यादीत. सिंहाचा ट्रेडमार्क तर त्याहून उशिरा, १८८६ ला. म्हणजे आधी चित्र, मग नाव, आणि छाप सगळ्यात शेवटी. दानीएल बिचारा मधेच कुठंतरी गळाला, सिंह तेवढा राहिला (बिअर विकायला साधुपुरुष कशाला हवा म्हणा).

आता ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे म्युनिकच्या बिअरच्या जत्रेला, यांच्या मंडपाच्या दारावर साडेचार मीटरचा सिंह बसवलेला असतो, तो हातातला मग तोंडाला लावतो आणि मधनंमधनं डरकाळी फोडतो, लोओओव्हेनब्रॉय! मावसभावाला विचारा, ऐकली असेल त्यानं.

पैजेचं म्हणाल तर बव्हेरियाच्या (म्युनिक ज्यात येतं तो प्रांत) राजघराण्याच्या निशाणावर सिंह होताच, त्यामुळं मामा अगदीच हवेत बोलत नव्हते. हुरडा तुमच्याकडनं, शेंगाचटणी मामांकडनं.