हरणाची शिकार धनुष्याने करावी की रायफलने?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की नागपूरहून अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एमएस करायला चाललात, तिथे एकदा हरणाची शिकार करून पाहायचीय, तर धनुष्य घ्यावं की रायफल, आणि धनुष्याची शिकार हीच "खरी शिकार" असं लोक म्हणतात त्यात दम आहे का. मी तिकडे काही वर्षं नोकरीला होतो, दोन्ही केलंय, आता परत नागपुरातच आहे. माझं मत विचाराल तर पहिलं हरण रायफलनेच मारा, आणि ते "खरी शिकार" वालं फार मनावर घेऊ नका.

आता का ते सांगतो. गोळी लागली की नुसतं भोक पडत नाही, वेगामुळे आजूबाजूचं मांसही फाटतं, छातीत नीट बसली तर हरीण जागेवर किंवा थोडं पळून पडतं. बाणात तसा धक्का नसतो. त्याच्या टोकाला ब्लेडसारखी पाती असतात, ती फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या कापतात आणि जनावर रक्त जाऊन मरतं. नीट लागला तर तेही काही सेकंदांचंच काम असतं. पण "नीट" ची जागा फार छोटी आहे, हरीण आडवं उभं पाहिजे किंवा थोडं पाठमोरं तिरपं, समोरून तोंड करून असेल तर बाण सोडायचाच नाही.

आणि खरी भानगड वेळेची आहे. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ३०० फूट जातो, म्हणजे ३० यार्डांवरच्या (एक यार्ड तीन फुटांचा) हरणापर्यंत जायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पण दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या वर जातो, तो बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. हरीण दचकतं, आणि पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं, तेवढ्यात पाठ काही इंच खाली येते आणि फुप्फुसावर धरलेला नेम वर पाठीत जातो किंवा वरून निघून जातो. रायफलची गोळी सेकंदाला २७००-२८०० फूट, १०० यार्डांवर आवाज पोचायच्या आधीच गोळी लागलेली असते, हरणाला काही करायला वेळच नाही.

आपल्या नागपूरचा ओजस देवतळे घ्या ना, २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंडचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, फायनलला १५० पैकी १५०, म्हणजे ५० मीटरवरून पंधराच्या पंधरा बाण ८ सेंटीमीटरच्या गोलात. हे ऐकून तुम्ही म्हणाल मग शिकारी ३०-४० यार्डांवरच का थांबतात? तर टार्गेट दचकत नाही म्हणून. ५० मीटरला बाणाला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतो, तेवढ्यात हरणाने एक पाऊल टाकलं तरी बाण पोटात. हाताची चूक शून्य असली तरी हे व्हायचंच.

पोटात लागला की काय होतं हे कोणी व्हिडिओत दाखवत नाही. बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं नसतं. आधी बाण शोधायचा आणि त्यावरचं रक्त पाहायचं. गुलाबीसर, फेसाळ असलं तर फुप्फुस, अर्धा तास थांबून माग काढा, हरीण बहुतेक जवळच पडलेलं असतं. काळपट गडद असलं तर लिव्हर, मग चार-सहा तास. आणि हिरवट घाण, वास मारणारं असलं तर कोठ्यात लागलंय, मग आठ-बारा तास हात बांधून बसायचं, कारण आधी गेलात तर ते उठून दूर पळतं आणि मग सापडतच नाही. म्हणजे संध्याकाळी सोडलेल्या बाणाचं हरीण सकाळी शोधायचं आणि रात्रभर ते तिकडे कसं पडलं असेल याचा विचार करत बसायचं. रायफलनेही पोटात लागू शकते, नाही असं नाही, पण दुसरी गोळी पटकन घालता येते, आणि मुळात नवख्या माणसाची अशी चूक व्हायची शक्यताच कमी. म्हणून मला ते "धनुष्यात जनावराला संधी मिळते" वालं पटत नाही. सुटून जायची संधी मिळते हे खरं, पण अर्धवट जखमी व्हायचीही मिळते. इंग्लंडमध्ये तर धनुष्याने हरीण मारायला बंदीच आहे, रायफल चालते.

तरी लोक धनुष्याकडे का जातात तेही खरंखुरं सांगतो. एक तर सीझन. विस्कॉन्सिनमध्ये मुख्य बंदुकीचा सीझन नऊच दिवस, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून, आणि तेव्हा जंगलात सगळीकडे भडक केशरी जॅकेटं. धनुष्याचा सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नर माजावर असतात, दिवसाढवळ्या माद्यांमागे फिरतात, ते पाहायला धनुष्यवालाच मचाणावर असतो. २० यार्डांवर जनावर यायचं तर वारा कुठून कुठे वाहतोय हे कळायलाच हवं, वास गेला की संपलं. हे सगळं शिकण्यात मजा आहे आणि मी ते पुन्हा करीन, फक्त त्याला पुण्यकर्म म्हणणार नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. एफ-वन (विद्यार्थी) किंवा एच-वन-बी (नोकरी) व्हिसावरच्या माणसाला तिथल्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे, शिकारीचं वैध लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात, मित्राची असली तरी. धनुष्य बाळगायला हा नियम लागत नाही, म्हणून बरेच देशी पोरं तिकडे वळतात. आणि १ जानेवारी १९७३ किंवा नंतर जन्मलेल्याला लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो लगेच करून टाका, कामाचा आहे.

आणि कृपा करून इथे पेंच नाहीतर उमरेडकडे "प्रॅक्टिस" चा विचारही नको. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, त्यात चितळ, सांबर, काळवीट सगळे येतात, आणि शिकारीचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच धरली जाते, धनुष्य होतं म्हणून कोणी सोडत नाही.

जायच्या आधी धनुष्यच हातात घ्यायचं असेल तर इथे आर्चरीच्या कोचकडे जा, पण रिकर्व्ह आणि कंपाउंडचा फरक विचारून घ्या. रिकर्व्ह म्हणजे बिनचाकांचं धनुष्य, ते पूर्ण ओढल्यावर सगळं वजन बोटांवर राहतं, कंपाउंडच्या चाकांमुळे ७० पाउंडाचं (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य शेवटी हाताला १०-१५ पाउंडच लागतं म्हणून नेम धरून थांबता येतं. सुरुवातीला ७० चा हट्ट नको बाप्पा, विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी किमान ३० चालतं, ४०-४५ ला हात स्थिर राहिला तर पुष्कळ. आणि तिकडे गेल्यावर मचाणावर चढणार असाल तर हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) आधी घ्या, धनुष्य मित्राचं वापरलं तरी चालेल.