लिलाव संपल्यावर तिथेच थांब

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

आराखडा वाचला. टोकियोच्या तोयोसू मासळी बाजारावर काम करायची कल्पना मला आवडली, पण निम्मी पानं तू ट्यूनाच्या लिलावावर घातली आहेस आणि माझी तक्रार तिथेच आहे. पहाटेची घंटा, बोटांच्या खुणा, शेपटीजवळच्या कापावर बॅटरी मारून मांस जोखणारे व्यापारी, हे सगळं पर्यटकही टिपतात. तोयोसूला येण्याआधी हा बाजार त्सुकिजीत होता; तिथे त्यांची इतकी झुंबड उडायची की डिसेंबर २००८ मध्ये काही आठवडे त्यांना लिलावात मज्जावच केला होता. २०१९ च्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, हेही तू ठळक अक्षरांत लिहिलं आहेस. त्या आकड्यात नववर्षाचा शकुन आणि जाहिरात यांचाच वाटा मोठा. एरवीच्या भावाबद्दल त्यातून काही कळत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ थिओडोर बेस्टर यांचं त्सुकिजीवरचं २००४ चं पुस्तक तुझ्या यादीत आहे, पण तू ते मासळीसाठी वाचलेलं दिसतंस. बेस्टर यांनी त्याआधी टोकियोतल्याच एका साध्यासुध्या वस्तीचा अभ्यास केला होता. बाजारातही ते वस्ती पाहणाऱ्याच्या नजरेने शिरले. तूही तसंच जा. कोण कोणाकडे शिकला, कोणाचा गाळा कोणत्या पिढीकडे आहे, कोण कोणाला उधार देतो, हे आधी विचार.

व्यवस्थेचा सांगाडा थोडक्यात असा: बाजार टोकियोच्या महानगर सरकारच्या मालकीचा. मोजक्या बड्या घाऊक कंपन्या मासेमारांचा माल ठरलेल्या दलालीवर विकतात. मासळीवर तिचा दर वर्षानुवर्षं साडेपाच टक्के बांधलेला होता, २००९ मध्ये ते बंधन उठलं. लिलावात घेणारे प्रामुख्याने मधले व्यापारी, म्हणजे शेकडो घराणी. आपल्या गाळ्यावर मासा कापून, निवडून ते तो सुशीवाल्यांना आणि दुकानदारांना विकतात. तुझं काम या मधल्या माणसांत आहे.

आता गाळ्यांच्या सोडतीबद्दल. आराखड्यात तिच्यावर एक ओळ आहे, मला एक प्रकरण हवं. त्सुकिजीची मंडई धनुष्यासारखी वाकलेली होती, कारण १९३५ मध्ये ती उघडली तेव्हा माल रेल्वेच्या डब्यांतून यायचा आणि रूळ त्या वळणाने टाकलेले होते. त्यामुळे कोपऱ्यावरचा गाळा आणि आतल्या बोळातला गाळा यांच्या धंद्यात मोठा फरक पडे. यावर व्यापाऱ्यांनी तोड काढली: दर काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकायच्या आणि अख्ख्या बाजाराने जागा बदलायच्या. रोज पहाटे एकमेकांवर चढी बोली लावणारी माणसं जागेच्या बाबतीत मात्र नशिबापुढे मान तुकवायला एकमताने तयार होतात! भांडणं होत नसतील असं समजू नकोस. नियम कोणी लिहिले, तीन-चार गाळेवाल्याची चिठ्ठी कशी निघते, जुनं गिऱ्हाईक नव्या जागी का आणि कसं शोधत येतं, हे म्हाताऱ्या व्यापाऱ्यांना विचार. मला तरी बाजार समजून घ्यायचा याहून चांगला दरवाजा दिसत नाही.

दुसरी जागा म्हणजे गाळ्यातली हिशेबाची छोटी पेटीवजा खोली. तिथे बहुधा घरातली बाई बसते. बोली पुरुषांची, पैसा तिच्या हातून जातो. मुंबईच्या धक्क्यावर कोळणी स्वतः बोली लावतात, त्या सवयीने पाहशील तर ही बाई तुला गौण वाटेल. उधारी कोणाची थकली, कोणाची चालवून घ्यायची, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ऑक्टोबर २०१८ मध्ये बाजार तोयोसूला हलला, हे तुझ्या पथ्यावर पडणारं आहे. ती जागा जुन्या गॅस कारखान्याची; माती दूषित निघाल्याने राज्यपाल युरिको कोइके यांनी २०१६ चं स्थलांतर पुढे ढकललं होतं. आता इमारत बंदिस्त आणि थंड आहे, पाहुणे काचेआड. त्सुकिजीत गल्लीतून चालता चालता जे कानावर पडायचं ते इथे पडणार नाही, म्हणून ओळखीच्या माणसाची शिफारस आधी मिळव. जपानमध्ये तिच्यावाचून पान हलत नाही. सकाळी नऊच्या आधी कोणाला प्रश्न विचारू नकोस. गाळे धुऊन होत आले की माणसं बोलतात.

त्सुकिजीचा बाहेरचा बाजार, म्हणजे मंडईबाहेरची दुकानं, मात्र जागेवरच राहिला. तिथल्या नामियोके देवळात कोळंबीच्या, अंड्यांच्या, सुशीच्या स्मरणार्थ दगड उभे आहेत. ते कोणत्या संघटनांनी उभारले याची नोंद कर. श्रद्धा आहेच, पण एकेका धंद्याची एकजूटही त्यात दिसते.

लिलावाची पानं दोनवर आण, सोडतीचं प्रकरण नव्याने लिही आणि दिवाळीच्या आत पाठव. नंतर महिनाभर मी पुण्यात नाही.

तुझा,
सर