आजीच्या चिवड्याबद्दल, ईराला

प्रिय ईरा,

त्या दिवशी जेवताना तू विचारलंस, "आई, आजी तलाठ्याकडे चिवडा घेऊन गेली, ती लाच नव्हती का?" मी "आधी पोळी संपव" म्हटलं आणि विषय तिथेच राहिला. खरं सांगू, लागलं मला ते.

तुझ्या डोक्यात कुठून आलं हे कळतं. २०२४ मध्ये इथल्या, सिंगापूरच्या, ईश्वरन या माजी मंत्र्यांना बारा महिन्यांची कैद झाली. फॉर्म्युला वनची तिकिटं, व्हिस्की, एक सायकल, सगळ्या भेटवस्तूच. तेव्हापासून तुला सीपीआयबीची, म्हणजे इथल्या लाचलुचपत तपास खात्याची, डायरेक्टर व्हायचंय. आणि मग नाशिकला गेल्यावर तू पाहिलंस, दिंडोरीच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी निघालेली आजी पिशवीत चिवड्याचे दोन पुडे टाकतेय. वर म्हणतेय, "कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये गं."

या वाक्यावरच मी वाढले. पंचवटीतल्या आमच्या घरातून वाटी कधी रिकामी परत गेली नाही. शेजारच्या काकूंनी कढी पाठवली की वाटी धुवायची, काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची आणि पोचवायची. पोचवायचं काम माझं. द्राक्षांच्या दिवसांत माझा मामा पेट्या घेऊन यायचा आणि निम्मी द्राक्षं गल्लीतच वाटली जायची. मला भयंकर राग यायचा.

आबांना, माझ्या वडिलांना, तू पाहिलं नाहीस. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, ठेकेदारांची बिलं त्यांच्या टेबलावरून पुढे सरकायची. त्यामुळे दिवाळीत घरी खोकी यायची, आणि आबा कामावरून आले की ती परत जायची. एका वर्षी काजूकतलीसोबत मिक्सर आला. आजीला मिक्सर हवा होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तोही गेला. पण जाताना आजीने खोक्यावर एक नारळ ठेवला. परत पाठवायचं म्हणून काय झालं, नुसतं कसं पाठवायचं! आबा कपाळाला हात लावून बसले. त्या ठेकेदाराने नारळाचा काय अर्थ लावला देव जाणे.

एकदा लाचलुचपतवाल्यांनी आबांना पंच म्हणून, म्हणजे सापळ्याचे साक्षीदार म्हणून, बोलावलं. पंच दुसऱ्या खात्यातले सरकारी नोकरच घेतात. सकाळी गेलेले आबा रात्री उशिरा आले, आणि मी नि तुझा मामा त्यांना चिकटलो. नोटांचे नंबर आधी लिहून घेतात, मग नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात. ती डोळ्यांना दिसत नाही. पैसे घेतलेल्याची बोटं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. ते बाटलीत भरून सील करायचं, लेबलावर पंचांच्या सह्या. आम्हाला त्या गुलाबी पाण्याचंच कौतुक. आबा मात्र सांगत होते की तो माणूस सारखं एकच म्हणत होता, "साहेब, हे दिवाळीचं आहे हो."

मग काही दिवस मलाही त्या खात्याची मोठी साहेब व्हायचं होतं. आबांनी हवा काढली. म्हणाले, वरळीला बसतो तो महासंचालक आयपीएस असतो, जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांत केस पांढरे करून तिथे पोचतो, आणि ती खुर्चीही बदलीचीच. खोटं नाही ते. प्रवीण दीक्षित तिथे होते तेव्हा २०१४ मध्ये राज्यात हजारावर सापळे लागले, लोक तक्रारीच्या १०६४ नंबरला फोन करू लागले. २०१५ मध्ये ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. मोठा मान, पण ती खुर्ची सुटलीच ना. शिवाय पकडणं या खात्याच्या हातात, खटला भरायची मंजुरी मात्र सरकारकडून नाहीतर त्या माणसाच्या वरिष्ठांकडून यायला हवी. तुझी सीपीआयबी १९५२ ची, आपलं खातं १९५७ चं, वयात फार अंतर नाही. पण तुझ्या डायरेक्टरला पंतप्रधानांनी चौकशीला नकार दिला, तरी राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने पुढे जाता येतं.

इथल्या कायद्यात एक तेविसावं कलम आहे. 'आमच्या धंद्यात तशी रीतच आहे' हे कोर्टात ऐकून घेत नाहीत. ते वाचलं आणि मला तो दिवाळीवाला आठवला. मग आजी आठवली. आपल्याकडेही २०१८ पासून लाच देणारा गुन्हेगारच. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची.

मग आजीचं काय? नाही, लाच नाही, असं मी म्हणते. त्या माणसाने काही मागितलं नव्हतं. पोस्टात जायचं असतं तरी तिने चिवडा नेला असता, हे मी शपथेवर सांगेन. पण पुडे नेले नसते तर फेऱ्या वाढल्या असत्या का, आणि हे आजीच्या मनात आलंच नसेल का, तिथे माझी शपथ संपते. आबा असते तर त्यांनी पिशवी दारातच काढून घेतली असती. घरी आलेल्याला पोटभर जेवू घाला, पण टेबलापलीकडच्याला पेलाभर चहासुद्धा नको, असा त्यांचा खाक्या. मला तो तुसडेपणा वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

तुझ्यावर काही लादायचं नाहीये. मैत्रिणीच्या आईचा डबा तू परवा धुऊन तसाच परत दिलास, तेव्हा मी काही बोलले नाही, बघ. डब्यात दोन लाडू टाकले असतेस तर बरं वाटलं असतं, इतकंच.

रविवारी आजीचा फोन येईल, तेव्हा तिलाच विचार. फक्त 'करप्शन' म्हणू नकोस, जेवण सोडेल ती. आणि नोंद झाली का तेही विचारून घे. मला विचारलं की विषय बदलते.

तुझी,
आई