वाचकांचे प्रश्न : वर फेकलेल्या चेंडूवर कोणते बल असते?

शालेय विज्ञानातील बल आणि गती या प्रकरणासंबंधी गोव्यातील शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्याकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. बाकीच्या पत्रांतील बहुतेक शंका या चारांत सामावलेल्या आहेत.

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील एका विद्यालयात नववीला विज्ञान शिकवते. मुलांना न्यूटनचे तिन्ही नियम पाठ आहेत आणि बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे सूत्र वापरून ती गणितेही सोडवतात. परंतु सरळ वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर कोणती बले असतात, असे विचारले की जवळजवळ सगळा वर्ग 'हाताचे बल वर आणि गुरुत्व बल खाली' असे सांगतो. समजावून सांगितले की माना डोलावतात, पण आठवड्याने विचारले की पुन्हा तेच उत्तर येते. काय करावे?

उत्तर : आपल्या वर्गातील मुले निष्काळजीपणाने हे उत्तर देत नाहीत. हातगाडी ढकलणे थांबवले की ती थांबते, वल्हवणे थांबवले की होडी मंदावते, पॅडल मारणे सोडले की सायकल थोड्या अंतरावर उभी राहते. चालत्या वस्तूमागे तिला लोटणारे काहीतरी असलेच पाहिजे, हा निष्कर्ष मुलांनी लहानपणापासूनच्या अनुभवातून काढलेला असतो. फेकणारा वस्तूमध्ये एक प्रकारचा जोर भरतो आणि त्या जोरावर ती पुढे जात राहते, असे सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस याने मांडले होते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँ याने तो विचार अधिक काटेकोर केला. न्यूटनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १६८७ साली. इतकी शतके विचारवंतांना पटत आलेली समजूत फळ्यावर 'हे चूक आहे' असे लिहिल्याने एका तासिकेत जाणार नाही, आणि ती न गेल्याबद्दल मुलांवर रागावण्याचेही कारण नाही.

गणिते सुटतात म्हणजे संकल्पना समजली, असेही धरून चालू नये. अमेरिकेतील डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बलाच्या संकल्पनेवर एक प्रश्नसंच प्रसिद्ध केला. त्यात आकडेमोड नाही. प्रश्नांना दिलेले चुकीचे पर्याय मात्र विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या समजुतींतून निवडलेले आहेत. नेहमीच्या पद्धतीने पूर्ण अभ्यासक्रम शिकलेले आणि सूत्रांची गणिते व्यवस्थित सोडवणारे अनेक विद्यार्थी या साध्या प्रश्नांना जुन्याच समजुतींनुसार उत्तरे देतात, हे त्यातून पुढे आले. आपल्या वर्गात जे घडते तेच महाविद्यालयांतही घडत होते.

माझा आग्रह एवढाच आहे की सूत्राकडे वळण्यापूर्वी प्रत्येक बलाबाबत एक प्रश्न विचारण्याची सवय वर्गाला लागावी : हे बल कोण लावत आहे? बल म्हटले की ते लावणारी एक वस्तू असते आणि ज्याच्यावर ते लागते ती दुसरी वस्तू असते. या दोन्हींची नावे सांगता आली नाहीत, तर ते बल आकृतीत काढायचे नाही. चेंडू हातात घेऊन तो वर फेका आणि पुन्हा झेला. मुले म्हणतील, 'वर हाताचे बल.' त्यांना विचारा, 'या क्षणी हात कुठे आहे? तो चेंडूला टेकलेला आहे का?' टेकलेला नाही, हे त्यांना दिसतेच. मग चेंडूला स्पर्श करणारे दुसरे कोण आहे? हवा आहे, पण तिचे बल येथे इतके थोडे आहे की सध्या ते बाजूला ठेवता येईल. स्पर्श न करता बल लावणारे कोण? पृथ्वी. यादी एवढ्यावर संपते.

यानंतर एक चांगला प्रश्न मुलांकडूनच यायला हवा : 'मग चेंडू वर का जातो?' तो आला नाही तर आपण विचारावा, कारण खरी गाठ येथेच आहे. हातातून सुटताना चेंडूला वेग मिळालेला असतो आणि तो वेग टिकवायला बल लागत नाही. बल लागते ते वेग बदलायला. हे नुसते सांगू नका, आकड्यांनी दाखवा. चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने वर सुटला असे धरा आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० घ्या. अर्ध्या सेकंदाने वेग वरच्या दिशेने ५, एका सेकंदाने शून्य, दीड सेकंदाने खालच्या दिशेने ५, दोन सेकंदांनी खालच्या दिशेने १०. दर अर्ध्या सेकंदाला होणारा बदल एकसारखाच आहे, खालच्या दिशेने ५. बदल एकसारखा म्हणजे बलही एकसारखे. चेंडू २०० ग्रॅमचा असेल तर वर जाताना, शिखरावर आणि खाली येताना त्याच्यावर सुमारे २ न्यूटन एवढेच बल खालच्या दिशेने असते.

शिखराच्या बिंदूवर थोडे अधिक थांबावे. 'तिथे वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य' हे उत्तर हुशार मुलेसुद्धा देतात. त्यांना एवढेच विचारावे की त्वरण तेव्हापासून शून्यच राहिले, तर पुढच्या क्षणी चेंडूचा वेग किती असेल? वेग बदलणारच नाही, म्हणजे तो शून्यच राहील आणि चेंडू हवेत तसाच टांगून राहील. ही विसंगती मुलाने स्वतःच्या तोंडाने उच्चारली की ती लक्षात राहते. शेवटी प्रत्येकाकडून वहीत चार आकृत्या काढून घ्याव्यात : चेंडू हातात असताना, वर जाताना, शिखरावर आणि खाली येताना. हातात असताना दोन बाण, बाकी तिन्हींत एकच बाण, आणि प्रत्येक बाणाशेजारी बल कोणाचे कोणावर ते शब्दांत लिहिलेले. आठवड्याने तोच प्रश्न वेगळ्या वस्तूवर विचारा. फटका मारल्यावर हवेत असलेला फुटबॉल किंवा झाडावरून पडणारा नारळ चालेल.

प्रश्न : माझा मुलगा म्हापसा येथे नववीत शिकतो. त्याने विचारले की क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात, तर त्या एकमेकींना रद्द करतील आणि कोणतीच वस्तू हलणार नाही. मला उत्तर देता आले नाही. शिवाय टेबलावरील पुस्तकाचे वजन आणि टेबलाचे वर ढकलणे ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे, असे त्याच्या वहीत लिहिले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या मुलाची शंका अगदी रास्त आहे आणि ती त्याने वर्गातही विचारावी. दोन बले एकमेकांना रद्द करतात ती एकाच वस्तूवर लागलेली असतील तरच. तिसऱ्या नियमातील दोन बले नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. धक्क्याला लागलेल्या होडीतील माणूस बांबूने धक्क्याला रेटतो, तेव्हा होडीच्या बाजूचे बल धक्क्यावर असते आणि धक्क्याचे तेवढेच बल उलट दिशेने होडीच्या बाजूवर येते. होडी सुटून पुढे जाते ती या दुसऱ्या बलामुळे. धक्का जमिनीत रोवलेला असल्यामुळे हलत नाही. होडी हलेल की नाही हे ठरवताना केवळ होडी, तिच्यातील माणूस आणि बांबू यांच्यावर बाहेरून येणारी बले मोजायची. धक्क्यावर लागलेल्या बलाचा या हिशेबात काही संबंध नाही.

वहीतील पुस्तकाचे उदाहरण मात्र चुकीचे आहे, आणि ही चूक इतकी सर्रास आढळते की तिच्याविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते. या बलाचा जोडीदार म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढते ते बल. टेबल पुस्तकाला वर ढकलते. त्याचा जोडीदार म्हणजे पुस्तक टेबलाला खाली ढकलते ते बल. पुस्तकाचे वजन आणि टेबलाचे ढकलणे ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत, म्हणून ती एका जोडीतील असू शकत नाहीत. ती येथे समान आहेत याचे कारण पुस्तक स्थिर आहे. तेच पुस्तक लिफ्टमध्ये ठेवा : लिफ्ट वरच्या दिशेने सुटते त्या क्षणी खालून येणारे बल वजनापेक्षा अधिक असते, तर तिसऱ्या नियमाच्या जोडीतील बले त्या क्षणीही समानच असतात. जोडी ओळखण्याची सोपी कसोटी अशी की 'अ चे ब वर' या वाक्यातील नावांची अदलाबदल करून दुसरे वाक्य मिळाले पाहिजे.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोगही आहे. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचे आकडे असलेले दोन सारखे काटे एकमेकांत अडकवा. एक आपण धरा, दुसरा मुलाला द्या आणि दोघांनी ओढा. आपण जास्त जोर लावलात तरी दोन्ही काट्यांवर आकडा जवळपास तोच दिसेल. 'मोठ्याचे बल मोठे' ही समजूत त्यामुळे सैल होते.

प्रश्न : सर, मी साखळीला दहावीत शिकतो. चोर्ला घाटातून बेळगावला जाताना वळणावर बस डावीकडे वळली की मी उजवीकडे फेकला जातो. मला उजवीकडे कोण ढकलते?

उत्तर : कोणीही ढकलत नाही. बसच्या आतून पाहण्याऐवजी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत आहोत अशी कल्पना कर. तुझे शरीर आधीच्याच सरळ दिशेने चाललेले आहे आणि बस तुझ्याखालून डावीकडे वळते आहे. त्यामुळे बसची उजवी बाजू तुझ्याजवळ येते आणि ती तुला डावीकडे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला ढकलते. तुझे वस्तुमान ५० किलो, वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि बसचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, असे धरले तर तुला बससोबत वळवण्यासाठी सुमारे १६७ न्यूटन बल आतल्या बाजूला लागेल. त्यातले काही आसनाच्या घर्षणातून येते, काही पुढच्या दांड्याला धरलेल्या हातातून आणि उरलेले बसच्या बाजूकडून. बसलाच संदर्भ मानून गणित करताना बाहेरच्या दिशेचे एक आभासी बल धरतात. ती रीत योग्य आहे, पण तू ती पुढे अकरावीनंतर शिक. तोपर्यंत आकृतीत बाहेरचा बाण काढू नकोस.

प्रश्न : मी काणकोण तालुक्यात शिकवतो. आमच्याकडे प्रयोगसाहित्य तुटपुंजे आहे आणि या प्रकरणासाठी तासिका मोजक्याच मिळतात. प्रयोग करायचा तर एक कोणता करावा? घर्षण त्यातच घेता येईल का?

उत्तर : एकच करायचा असेल तर उतारावरून गोटी सोडण्याचा करावा. गॅलिलिओने हाच प्रयोग केला आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन दिले. अचूक घड्याळ नसल्यामुळे तो बारीक नळीतून पडलेले पाणी तोलून वेळ मोजत असे. आपल्याकडे मोबाइलचे स्टॉपवॉच आहे.

विजेच्या तारांसाठी भिंतीवर बसवतात ती प्लॅस्टिकची केसिंग पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिची झाकणपट्टी काढून टाका. साधारण दोन मीटर लांबीची पट्टी मधे झोळ येऊ नये म्हणून बाकांवर टेकवून ठेवा आणि तिचे एक टोक पाच सेंटिमीटर उचला. गोटी बोटाने ढकलायची नाही. तिच्यासमोर फूटपट्टी आडवी धरून ती झटकन काढून घ्यायची. आधी अर्ध्या मीटरवर खूण करून वेळ मोजा, ती अडीच सेकंदांच्या आसपास येईल. मग वर्गाला विचारा की अंतर चौपट, म्हणजे दोन मीटर केले तर वेळ किती लागेल. प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा आणि मगच गोटी सोडायची. हा लेखी अंदाज गाळला तर प्रयोगाची अर्धी किंमत जाते. बरीच मुले दहा सेकंद लिहितील. प्रत्यक्षात सुमारे पाच सेकंद लागतात, म्हणजे चौपट अंतराला दुप्पट वेळ. गोटीचा वेग सतत वाढत असल्याचे हे मोजून मिळालेले प्रमाण आहे. दर वेळी तीन-चार वाचने घेऊन सरासरी काढावी, कारण बोटाने स्टॉपवॉच दाबण्यात थोडी चूक होतेच.

घर्षण त्याच तासिकेत घेता येईल. उताराच्या खालच्या टोकापासून जमिनीवर आधी गोणपाट, मग सुती चादर आणि शेवटी नुसती गुळगुळीत फरशी अशा क्रमाने गोटी सोडून ती किती लांब जाते ते पाहा. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकी गोटी लांब जाते. अडवणारे काहीच नसेल तर काय होईल, हे मुले स्वतःच सांगू शकतात आणि पहिला नियम तेथूनच लिहून घ्यावा.

मात्र 'घर्षण नेहमी गतीला विरोध करते' हे वाक्य वहीत जाऊ देऊ नका. एकमेकांना लागलेल्या दोन पृष्ठभागांचे परस्परांवर घसरणे घर्षण अडवते. चालताना पाय जमिनीला मागे रेटतो आणि जमीन घर्षणाने आपल्याला पुढे ढकलते. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर हेच पुढे ढकलणारे बल अपुरे पडते, म्हणून पाय मागे सरकतो. टेम्पो सुटताना हौद्यातील माशांची क्रेट टेम्पोबरोबर पुढे जाते तीही घर्षणामुळेच. क्रेटची आकृती काढून आडव्या दिशेने तिच्यावर बल कोण लावते, असे विचारा. मुलांना हौद्याच्या तळाशिवाय दुसरे उत्तर सापडणार नाही आणि बाण टेम्पोच्या दिशेनेच काढावा लागेल.