बकथॉर्न ठेवू की उपटू? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: आम्ही इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळ राहतो. मागच्या हिवाळ्यात कुंपणाला अल्डर बकथॉर्न नावाचं झुडूप लावलं. आता पानं पिवळी पडतायत, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यात, आणि वरून हिरव्या अळ्या पानं कुरतडतायत. काय फवारू? आणि छाटणी कधी करायची?

उत्तर: ताई, आधी अळ्यांचं बोलू. काही म्हणजे काही फवारू नका! अहो लोक मुद्दाम बकथॉर्न लावतात ते या अळ्यांसाठीच. तुमच्याकडे थंडी सरता सरता, फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या उबदार दिवशी पिवळंधमक फुलपाखरू दिसतं ना, ते ब्रिमस्टोन, आणि ब्रिटनमध्ये त्याच्या अळ्या बकथॉर्नच्याच दोन जातींवर वाढतात, बाकी झाडांकडे जवळजवळ बघतही नाहीत. मादी साधारण एप्रिलपासून कोवळ्या पानाखाली एकेक अंडं चिकटवत जाते, अळी पानाच्या मधल्या शिरेवर सरळ पसरून बसते आणि रंग पानासारखाच, त्यामुळे तुम्हाला ती दिसली म्हणजे नजर पक्की आहे तुमची. पानांना भोकं पडतील, पडू देत, झाड नवीन पानं काढतं.

पिवळेपणाचा मात्र अळ्यांशी काही संबंध नाही, तो बहुतेक मातीचा प्रॉब्लेम आहे. तुमच्या भागात खाली चुनखडी खूप, आणि अल्डर बकथॉर्नला हवी ओलसर, थोडी आंबट माती, चुना जास्त झाला की मुळांना लोह घेता येत नाही आणि मग नेमकं हेच होतं, पान पिवळं, शिरा हिरव्या. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर चुना आहे. तसं असेल तर खतं ओतत बसू नका, सरळ दुसरी जात लावा, पर्जिंग बकथॉर्न. तिला चुनखडीची जमीन मानवते आणि ब्रिमस्टोनला दोन्ही चालतात. फक्त हिच्या फांद्यांच्या टोकाला काटे असतात, आणि नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे एकच लावलं तर फळं धरतीलच असं नाही. अल्डरचं तसं नसतं, काटेही नाहीत.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये झाड झोपलेलं असताना बिनमातीची, उघड्या मुळांची रोपं मिळतात, कुंडीतल्यापेक्षा बरीच स्वस्त, तीच घ्या. पहिला उन्हाळा पाणी चुकवू नका. छाटणी फेब्रुवारीत, पालवी फुटायच्या आधी. एकदा अंडी-अळ्यांचा सीझन सुरू झाला की कात्री ठेवून द्या, पक्ष्यांची घरटीही तेव्हाच असतात. आणि घरात लहान मुलं असतील तर ती काळी फळं तोंडात घालू देऊ नका, दोन्ही जातींची फळं जोरदार रेचक आहेत.

प्रश्न: अमेरिकेत मिनियापोलिसला घर घेतलं, मागच्या अंगणात बकथॉर्नची दाट भिंतच आहे, प्रायव्हसी मस्त मिळते. शेजारी म्हणतो काढून टाका. खरंच काढायला हवं का?

उत्तर: हो दादा, शेजाऱ्याचं ऐका. वर ताईंना लावा म्हटलं आणि तुम्हाला काढा म्हणतोय, कारण तुमच्याकडे हे झाड पाहुणं आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून कुंपणासाठी आणलं आणि पक्ष्यांनी फळं खाऊन जंगलभर पसरवलं. आता तुमच्या मिनेसोटा राज्यात या दोन्ही जाती विकायला आणि इकडून तिकडे न्यायला बंदी आहे. ते इतर झाडांच्या आधी पालवतं आणि सगळ्यांची पानं गळली तरी हिरवं राहतं, खाली सावली धरून ठेवतं, मग रानफुलं, ओकची रोपटी काही वर येत नाहीत. शिवाय सोयाबीनवरचा मावा हिवाळा यावरच काढतो आणि ओट्सचा तांबेरा यावरूनही पसरतो.

काढायला ऑक्टोबर बरा, तेव्हा हिरवं दिसतं ते बहुतेक हेच. तरी साल खरवडून बघा, आत केशरी दिसलं की खात्री. बोटापेक्षा बारीक रोपं पावसानंतर मुळासकट उपटा. मोठं नुसतं तोडलंत तर बुंध्यातून दहा फुटवे येतील, म्हणून तोडल्या तोडल्या, त्याच दिवशी, बुंध्याला तणनाशक लावा, नाहीतर जाड काळं प्लास्टिक घट्ट बांधून ठेवा. आणि एकदा काढलं की संपलं असं समजू नका, मातीतल्या बिया पुढची काही वर्षं उगवत राहतात. फळवाली झाडं आधी तोडा. प्रायव्हसीसाठी डॉगवूड किंवा नाईनबार्कसारखं तिथलंच झुडूप लावा.

प्रश्न: लेकीकडे इंग्लंडला हे झुडूप पाहिलं. बिया आणून पुण्यात लावू का?

उत्तर: नको काकू. परवाना आणि सर्टिफिकेट नसताना बाहेरून बिया आणता येत नाहीत, आणि त्या थंडीतल्या झाडाला पुण्याचा एप्रिल सोसायचाही नाही. तुमच्या अंगणात याच कुळातलं बोर लावा की! एप्रिल-मेमध्ये पानं झडली की बिनधास्त छाटा, फूल-फळ नव्या फुटीवरच येतं, न छाटलेली बोर नुसती उंच वाढते. पावसाळ्यानंतर फळं धरताना पांढरी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक फवारा, ऊन उतरल्यावर. आणि खाली पडलेली किडकी बोरं रोज गोळा करून नष्ट करा, नाहीतर त्यातली अळी मातीत जाऊन पुढच्या वर्षी माशी होऊन परत येते.