तीन ईटीएफ, पैज एकच

प्रश्न : माझ्याकडे तीन इंडेक्स ईटीएफ (निर्देशांकातले शेअर घेणारे आणि स्वतः शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) आहेत. एक 50 मोठ्या कंपन्यांचा, दुसरा 100 कंपन्यांचा, तिसरा 500 कंपन्यांचा. परवा बाजार उघडताक्षणी चौथा घेतला, तो एनएव्हीपेक्षा (एका युनिटमागच्या शेअरांच्या किमतीपेक्षा) पावणेदोन टक्के महाग पडला. त्याचा वार्षिक खर्च तर 0.05 टक्केच आहे! मग हे पैसे गेले कुठे? आणि आता पाचवा कुठला घेऊ?

उत्तर : गेले विकणाऱ्याच्या खिशात. वार्षिक खर्च फंड घेतो, पण बाजारातला भाव समोरचा माणूस सांगतो. पावणेदोन टक्क्यांत तुमचा 35 वर्षांचा खर्च निघाला असता, एवढं मात्र नोंदवून ठेवा.

एरवी हा भाव एनएव्हीच्या आसपास राहतो, कारण ईटीएफ महाग झाला की बडे दलाल आतले शेअर फंडाला देऊन नवी युनिटं घेतात आणि विकतात. स्वस्त झाला की उलट. पण त्यासाठी आतल्या शेअरचे भाव धड कळायला हवेत. बाजार उघडताना तिथेच घोळ असतो. 24 ऑगस्ट 2015 च्या सकाळी अमेरिकेत एस अँड पी 500 सुमारे 5 टक्के पडला होता, तर त्याच निर्देशांकावरचा आयशेअर्सचा ईटीएफ काही क्षण सुमारे 25 टक्के खाली विकला गेला. भाव लवकरच जागेवर आला. स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री) लावून बसलेल्यांची युनिटं मात्र मातीमोल गेली.

म्हणून मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला सौदा, नको. पहिला अर्धा तास जाऊ द्या, आय-एनएव्ही (बाजार चालू असताना दिसणारी अंदाजी एनएव्ही) बघा आणि त्याच्या जवळपास लिमिट, म्हणजे याहून जास्त देणार नाही असा भाव, लावा. सौदा झाला नाही तर नाही झाला.

आता पाचव्याचं. तुमच्या 500 मध्ये ते 100 आहेत, 100 मध्ये ते 50. वजन बाजारमूल्यावर ठरतं, त्यामुळे 500 च्या फंडातही वरच्या पन्नासांचाच दबदबा. नवे पैसे फक्त 500 च्या फंडात घाला. जुने दोन घाईने विकू नका, आधी कर किती बसतो ते काढा. (चौथ्याचं नाव तुम्ही शिताफीने टाळलंत. एखादी गाजणारी ‘थीम’ असणार!)

तुमच्या यादीत रोखे औषधालाही नाहीत. येत्या चार-पाच वर्षांत लागणारे पैसे शेअरच्या ईटीएफमध्ये असतील, तर ते आधी अल्प मुदतीच्या रोख्यांत हलवा. पाचवा घ्यायचाच असेल, तर तो हा, रोख्यांचा.